आठवा आठवडा, उलट्या, पित्त आणि संडासला खडा: गोळी न घेता सहन करत राहावं का?

प्रश्न: मी सोलापूरची. पाळी चुकली आहे, गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. सकाळी ब्रश तोंडात घातला की कोरड्या उलट्या. फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं. घरी सासूबाई बिड्या वळतात, मीही संध्याकाळी दोन-तीनशे वळते, पण आता तंबाखूच्या वासानेच डोकं फिरतं. दुपारी छातीत जळजळ, दोन-दोन दिवस पोट साफ नाही, वर हे ऊन. सासूबाई म्हणतात दोघांचं खा, मैत्रीण म्हणते तीन महिने एकही गोळी घेऊ नको. नेमकं काय करू?

उत्तर:

गोळीचं आधी सांगते, कारण मैत्रिणीचा सल्ला तुम्हाला सगळ्यात महाग पडू शकतो. एक गोळी तर तुम्ही घ्यायलाच हवी: फॉलिक ॲसिड, रोज ४०० ते ५०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी याच सुरुवातीच्या आठवड्यांत बंद होते, चौथ्या महिन्यात घेऊन तो उपयोग होत नाही. लोहाची गोळी मात्र साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. कुणी आत्ताच दिली असेल आणि ती घेतल्यापासून मळमळ वाढली असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. रक्त फारच कमी नसेल तर बहुतेक वेळा ती थोडे दिवस पुढे ढकलता येते.

आता उलट्या. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, आठव्या-नवव्यात कळसाला जाते आणि बहुतेकींची चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. म्हणजे तुम्ही सध्या सगळ्यात वाईट टप्प्यात आहात, इथून पुढे बहुधा उतारच. कारण मनात नाही, रक्तात आहे. जीडीएफ १५ नावाचं एक संप्रेरक वारेकडून रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना ते अचानक वाढल्यावर जास्त त्रास होतो, असं डिसेंबर २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या संशोधनातून दिसलं. तेव्हा ‘नखरे करते’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

उपायाचं मूळ एकच: पोट रिकामं पडू द्यायचं नाही आणि एकदम भरायचंही नाही. रिकाम्या पोटात आम्ल साचतं, म्हणून सकाळी त्रास जास्त. आपल्याकडे यावर तयार औषध घरातच आहे, कडक भाकरी. रात्री उशाशी डब्यात अर्धी कडक भाकरी मोडून ठेवा. जाग आली की उठून बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, चहा तर नाहीच. कुशीवर पडल्या पडल्या दोन-तीन तुकडे सावकाश चावायचे, पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहायचं, मग एका कुशीवर वळून हळू उठायचं. बिस्किटापेक्षा ही बरी, कारण तिच्यात साखर आणि मैदा नाही, आणि ती ओलसर नसल्यामुळे वासही येत नाही. चटणी मात्र तेव्हा नको. शेंगा चटणीतला लसूण आणि तेल सकाळी हमखास उलटवतं. तीच चटणी संध्याकाळी दह्यात कालवून चालली तर बिनधास्त खा, शेंगदाण्याची प्रथिनं तुम्हाला हवीच आहेत.

नंतर दिवसभर दर दोन तासांनी मूठभर काहीतरी: फुटाणे, भाजके शेंगदाणे, अर्धी वाटी दहीभात, ज्वारीच्या लाह्या, एखादं उकडलेलं अंडं. ताटात वाढून घेतलं की पाहूनच नको वाटतं, म्हणून वाटीत घ्या. खाणं आणि पाणी वेगळं ठेवा, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. घन आणि पातळ एकत्र गेलं की पोट ताणतं आणि सगळंच वर येतं. गरम पदार्थाची वाफ नाकात गेली की ढवळतं, गार झालेल्याचा वास कमी येतो. म्हणून भाजी-भात कोमट किंवा थंड खायला लाजू नका, फक्त शिजवल्यापासून दोन तासांच्या आत खा. या उन्हात बाहेर राहिलेलं अन्न लवकर बिघडतं. त्याहून उशिरा खायचं असेल तर फ्रिजमध्ये टाका.

फोडणीसाठी घरातल्यांशी तडजोड करा: काळ्या मसाल्याची आमटी आणि मटण तुम्ही बाहेर असताना किंवा खिडकी-पंखा चालू ठेवून. वास अडवायला नाकाशी लिंबाची फोड धरणं हा जुना उपाय खरंच चालतो. आलं घ्यायचं तर सुंठ, दिवसभरात मिळून एक ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा चमचा, तीन-चार वेळांत विभागून. एकदम घेतली तर तीच छातीत जळते. तुम्हाला आधीच जळजळ आहे, म्हणून चिमटीने सुरुवात करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुंठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ब्रशचं: उठल्या उठल्या नको, भाकरी खाऊन अर्ध्या तासाने करा. लहान मुलांचा छोटा ब्रश आणि फेस न करणारी, पुदिन्याचा झणका नसलेली पेस्ट घ्या. जीभ घासू नका. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेला दातांवरचा थर घासला जातो. पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या-एक तासाने ब्रश करा. (हा सोडा चूळ भरण्यापुरताच. पित्तावर पिऊ नका, त्यात मीठ फार जातं. फसफसणाऱ्या पुड्याही त्याच जातीच्या.)

मिशेरी लावत असाल तर ती आजच बंद. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तिच्यातलं निकोटीन उरतंच, आणि हिरड्यांतून ते थेट रक्तात जातं. बाळाचं वजन कमी भरणं आणि मृत बाळंतपण, दोन्हींशी तंबाखूचा संबंध आहे.

बिड्यांचं याहून अवघड, कारण तिथे हजारामागे पैसे आहेत, मला कळतं. पण तुमचं डोकं फिरतं ते नुसत्या वासाने नसावं. ओल्या हाताला लागलेल्या तंबाखूतून निकोटीन कातडीतून आत जातं, उडणारी भुकटी श्वासातून. त्यातही मळमळ, चक्कर आणि घाम येतो, म्हणजे गरोदरपणाच्या मळमळीवर दुसरी मळमळ चढते. म्हणून वळणं थांबवाच. घरात हात हवाच असेल तर पानं कापायचं काम घ्या, तंबाखू दुसऱ्या खोलीत ठेवून. सासूबाईंचं बिड्या वळायचं सूप ओसरीवर किंवा दारात सरकवा, तंबाखूचं पोतं स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत नको. त्यांनी स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी साबणाने धुऊन घ्यावेत आणि वळतानाचं लुगडं बदलावं. ‘त्यांनी चार बाळंतपणं बिड्या वळतच केली’ हे उत्तर मिळेल, त्यावर वाद घालू नका, सूप तेवढं हलवा.

उन्हाचं. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वर. उलट्या आणि घाम दोन्हीकडून पाणी जातं, म्हणून तुमची चक्कर पाणी कमी पडल्याचीही असावी. पेलाभर एकदम प्यायलात की परत येईल. जेवणाच्या मागचा-पुढचा अर्धा तास सोडून दर दहा-पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट, माठातलं गार, असं दिवसभरात अडीच-तीन लिटर. उलट्या जास्त झालेल्या दिवशी ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवा, कमी पाण्यात घट्ट करू नका. चोवीस तासांनंतर उरलेलं टाका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवीचा रंग हे तुमचं मोजमाप: फिकट पिवळी म्हणजे ठीक, चहासारखी म्हणजे कमी पडतंय.

तुमच्याकडे पाणी काही दिवसांआड येत असेल तर साठवलेलं पिण्याचं पाणी खळखळ उकळून गार करा आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. पिंपात हात बुडायला नको. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला जिवावर बेतू शकते. त्यामुळे गाड्यावरचा रस आणि गोळ्याचा बर्फ या दिवसांत वर्ज्य. पाणी आल्यावर भरलेले हंडे मात्र तुम्ही उचलायचे नाहीत, ते घरातल्या पुरुषांचं काम.

छातीतली जळजळ: जेवून दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. उशा वाढवून मान वर करण्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा. उशांनी पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. सुपावर वाकून तासन्‌तास बसण्याचा परिणामही हाच. जास्त झालं तर पित्ताचं पातळ औषध जेवणानंतर तासाभराने दोन चमचे, तेही तपासणीत विचारून. चहा दिवसातून दोन कप पुरे.

संडासला खडा होतो कारण प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणात वाढणारं संप्रेरक आतड्याची चाल मंदावतं आणि तिथे जास्त वेळ पडून राहिलेल्या मळातलं पाणी शोषलं जातं. ज्वारी तुमच्या बाजूने आहे, पोळीपेक्षा भाकरीच खा. जोडीला पेरू, रात्री भिजवलेल्या आठ-दहा मनुका, दुपारी ताक. तरी नाही झालं तर रात्री दोन चहाचे चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात घालून लगेच प्या, फुगायची वाट पाहू नका, आणि वर आणखी एक पेला. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल उलट चिकटून बसतो. एरंडेल नको, चूर्णं स्वतःच्या मनाने नकोत.

एवढं करूनही दिवसाला तीन-चारपेक्षा जास्त उलट्या होत असतील तर सहन करू नका, औषध मागून घ्या. डॉक्सिलअमाइन १० मिलिग्रॅम आणि पायरिडॉक्सिन (बी ६) १० मिलिग्रॅम ही जोडगोळी पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त तपासली गेलेली आहे. अमेरिकेत ती १९८३ मध्ये कोर्टकज्ज्यांमुळे बाजारातून गेली, दोष सिद्ध झाला म्हणून नव्हे, आणि २०१३ मध्ये परत आली. साधारण झोपताना देतात, बऱ्याच गोळ्यांवर उशिरा विरघळणारं आवरण असतं म्हणून ती सकाळी काम करते. चावून किंवा कुटून घेतली तर तो हिशेब चुकतो. झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका. मेडिकलवाला पटकन काढून देतो ती उलटीची गोळी, ओंडान्सेट्रॉन, मात्र स्वतःहून घेऊ नका: एक तर तिने खडा आणखी वाढतो, दुसरं म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्याबाबत दुभंगलेल्या टाळूचा किंचित जास्त धोका आढळला आहे, दहा हजारांत तीन इतका. गरज पडली तर डॉक्टर देतील. डोकेदुखीला पॅरासिटामॉल ५०० चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलेलं काही नको, पाकिटावर घटक वाचा.

सासूबाईंच्या ‘दोघांचं खा’ला: पहिल्या तीन महिन्यांत वाढीव खाण्याची गरज जवळपास नसतेच, जादा साडेतीनशे कॅलरी लागतात त्या चौथ्या महिन्यापासून. या काळात वजन तेवढंच राहिलं किंवा एखादा किलो उतरलं तरी घाबरू नका. एकादशी, गुरुवार यांचे कडकडीत उपवास मात्र यंदा सोडा. साबुदाण्याची तेलकट खिचडी आणि रिकामं पोट ही पित्ताची हमी आहे. माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटली तर ते कौतुकाचे डोहाळे समजू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी. स्तन दुखणं, सारखी लघवी, दिवसभर गुंगी हे सगळं या महिन्यांत नेहमीचं. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर नेहमीचं नाही.

घरचे उपाय कुठे थांबवायचे ते ऐका. चोवीस तास घोटभर पाणीही टिकत नाही, आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर अंधारी, उलटीत रक्त, किंवा आधीच्या वजनातून पाच टक्के गेलं (पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो), तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे लघवीतले कीटोन (पोटात अन्न टिकत नसलं की शरीरात तयार होणारे) तपासतात आणि सलाईन लावतात. उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन म्हणजे बी १ दिलं का, हे शांतपणे विचारा. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी, रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर उलट्यांचा विचार बाजूला ठेवून लगेच १०८ ला फोन करा. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो आणि तिथे तास मोजले जातात. अजून सोनोग्राफी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या, गर्भ पिशवीतच आहे हे त्यातूनच कळतं. जुळी असतील तर उलट्या जास्त का, याचंही उत्तर तिथेच मिळेल. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडून करा. खासगीत परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, सिव्हिलला किंवा जवळच्या केंद्रावर. जाताना सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत घ्या.