पतसंस्थेत नवे कर्मचारी घेतलेत, प्रशिक्षणाची सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की तीन नवे लिपिक घेतलेत, सॉफ्टवेअर शिकवलं, आता आणखी काय? माझ्या मते, खरं शिक्षण इथूनच सुरू होतं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २४अ प्रमाणे सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या सगळ्यांचं प्रशिक्षण संस्थेवर बंधनकारक आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या संस्थांमार्फत ते होतं. तेव्हा "खर्च कशाला?" असं संचालकांनी म्हटलं तर हे कलम दाखवा.

पण वर्गात बसून कर्जवसुली येत नाही. नव्या माणसाला जुन्या थकीत कर्जाची एक फाइल द्या आणि ती शेवटपर्यंत वाचायला लावा: अर्ज, जामीनदारांच्या सह्या, उत्पन्नाचा दाखला, नोटिसा, याच कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्यासाठी निबंधकाने दिलेला). जामीनदाराची पगार-स्लिप न घेतल्याने पुढे काय घोळ होतो, हे त्याला पानापानावर दिसतं.

पिग्मीकडे, म्हणजे एजंट घरोघरी-दुकानोदुकानी जाऊन रोज गोळा करतो त्या छोट्या ठेवींकडे, विशेष लक्ष द्या. एजंटाने गोळा केलेली रक्कम त्याच दिवशी भरली का, आणि खातेदाराच्या पासबुकातली शिल्लक खतावणीशी (संस्थेच्या खात्यांच्या वहीशी) जुळते का, हे तपासणारा माणूस वेगळाच हवा. त्यासाठी त्याला दर महिन्याला काही खातेदारांना थेट भेटायला पाठवा.

काउंटरवर ठेवीदार विचारतोच, "माझे पैसे सुरक्षित ना?" पतसंस्थेतल्या ठेवींना बँकांसारखं डीआयसीजीसीचं (बँकठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाचं) विमासंरक्षण नसतं. हे लपवू नका, नीट सांगायला शिकवा.

होतकरू असेल त्याला जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका) परीक्षेला बसवा, फी संस्थेने भरावी.