चित्रकला येत नाही, तरी बुलेट जर्नल जमेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपुरातच राहता, नोकरी आणि घर सांभाळून हाताने काहीतरी करायचा छंद हवाय, बुलेट जर्नलचे, म्हणजे कामं आणि नोंदी छोट्या खुणांनी टिपायच्या वहीचे, व्हिडिओ पाहून मोह झालाय, पण चित्र काढता येत नाही. आणि सामान काय घ्यावं, कुठून घ्यावं, हेही विचारलंय. सामानाचं आधी सांगतो, कारण मी तिथेच आपटलो होतो. सध्या काही घेऊ नका.

माझी पहिली वही ठिपक्यांची, जाड पुठ्ठ्याची, ऑनलाइन मागवलेली. सोबत 24 ब्रश पेनांचा संच, नक्षीच्या चिकटपट्ट्या, स्टेन्सिल. दोन हजारांच्या वर गेले. जानेवारीची पानं अशी झाली की मीच उघडून पाहत बसायचो. फेब्रुवारीच्या पानांना दोन रविवार लागले. मार्च कॅलेंडरात आला, वहीत आलाच नाही. बायको म्हणाली, "वही सजवून राह्यले तुम्ही, कामं तशीच पडून आहेत."

नंतर कळलं की मूळ पद्धतीत नक्षी नाहीच. रायडर कॅरोल नावाच्या न्यूयॉर्कमधल्या डिजिटल डिझायनरने ती स्वतःसाठी घडवली. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, म्हणून विचार पटकन टिपायची ही सोय. 2013 मध्ये त्याने ती लोकांसमोर मांडली, 2018 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. काम असेल तर बारीक ठिपका, कुठे जायचं-यायचं असेल तर पोकळ गोल, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली. राहिलं आणि पुढे न्यायचं असेल तर ठिपक्याचा उजवीकडे तोंड केलेला बाण. पुढच्या एखाद्या महिन्यासाठी ठेवायचं असेल तर डावीकडे. पहिली तीन-चार पानं अनुक्रमणिकेला सोडायची आणि बाकीच्या पानांवर आकडे टाकायचे. संपली पद्धत.

हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. ते इतवारीच्या जुन्या बाजारात किराण्याच्या पेढीवर दिवाणजी होते. दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दीत, जसा घडला तसा ओळीखाली ओळ. मग तोच खतावणीत, ज्याच्या-त्याच्या नावाच्या पानावर. पान भरलं की खालची बाकी पुढच्या पानावर ओढायची. कॅरोल ज्याला डेली लॉग म्हणतो ती आपली रोजकीर्द, आणि एका विषयाची वेगळी पानं ती खतावणी. आजोबांना कुणी हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "यात नवं काय आहे बाप्पा?"

नवं आहे ते बाकी ओढण्यात. पेढीवर बाकी ओढावीच लागते, पैशाचा मामला. इथे आठवडा किंवा महिना संपला की राहिलेलं प्रत्येक काम पुन्हा हाताने लिहायचं, नाहीतर खोडायचं. फोनमधली यादी आपोआप पुढे सरकते, त्यामुळे तिची लाज वाटत नाही. नंतरच्या वहीत "कूलरचं गवत बदलणे" हे मी मार्चच्या तीन आठवड्यांत तीनदा उतरवून काढलं. चौथ्यांदा लिहायच्या आधी उठून बदलून टाकलं, लिहिण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

जी कामं पुन्हा लिहावीशीच वाटत नाहीत त्यांच्यासाठी माझ्या वहीत एक पान आहे, मारबतीचं. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा सगळं जुनं नागपूर ओरडत असतं ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, तसं मी खोडलेलं काम तिथे काळ्या पेनाने लिहितो आणि वरून पिवळी रेघ मारतो. मागच्या वर्षी गिटार शिकणं गेलं, पहाटे पाचला अंबाझरी तलावावर फिरायला जाणं गेलं, आणि एका शेजाऱ्याशी दोन वर्षं धरलेला अबोला गेला. तो काही कामाच्या यादीत नव्हता, पण पान समोर होतं म्हणून लिहिला. सगळ्या वहीत मला हेच पान सगळ्यात आवडतं, आणि त्यात चित्र एकही नाही.

तरी तुम्हाला रंगवायचंच आहे, हे तुमच्या प्रश्नातून दिसतं, आणि ते बरोबरच आहे. छंद म्हणून घेतलाय, तर हिशेबच का लिहायचा? मी तर चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेलाही बसलो नव्हतो. मग मी संत्री काढतो. वाटी उपडी ठेवून तीन गोल, मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन दर 36 अंशांवर एक रेघ. एका संत्र्यात दहा फोडी, तीन संत्र्यांचा महिना. ज्या दिवशी रात्री दहा पानं वाचून झाली त्या दिवसाची फोड केशरी. 31 तारखेसाठी बाजूला एक बी पडलेली. फेब्रुवारीत शेवटच्या दोन फोडी किडक्या दाखवतो. महिनाअखेरीस अर्धं संत्रं पांढरं राहिलं की कुणाला काही बोलावं लागत नाही.

सामान आता सांगतो. पहिले दोन महिने घरात पडलेली कुठलीही वही चालेल. पोरांची चौकटीची गणिताची वही तर उत्तम, रेघा सरळ येतात. टिकलात तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन पाच मिलिमीटर ठिपक्यांची वही घ्या, कागद 100 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचा जाडपणा) वरचा, आणि दुकानात शेवटच्या पानावर पेन चालवून मागे उमटतंय का ते बघूनच. पेन पिगमेंट शाईचं, वाळलं की पाण्याने पसरत नाही असं. हे मी मे महिन्यात शिकलो. कूलरसमोर बसून ब्रश पेनाने महिन्याचं नाव रंगवत होतो. कूलरच्या हवेने कागद आधीच सर्द, त्यात पंप सुरू झाला आणि पहिल्या झोतासोबत तुषार आले. "मे" चा नुसता निळा ढग झाला. पाऊस नागपुरात त्या वर्षी सगळ्यात आधी माझ्या वहीत पडला.

आणि हो, गोल काढायला वाटी धुतलेली घ्या. माझ्या जुलैच्या एका संत्र्याभोवती तर्रीचं तेलकट कडं आहे, ते आता जात नाही.