हक्कसोडावर सही होण्याआधी

अगं, वकिलीचं पहिलंच वर्ष तुझं, कलमं पाठ असतील. पण एक सकाळ दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बसून बघ. भाऊ रिक्षाचं भाडं देतो, चहा पाजतो, आणि बहीण हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, अंगठा उठवते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच, जन्मापासूनचा वाटा दिलाय. वडील तेव्हा हयात नसले तरी अडत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी ती सही करतेच. माहेर तुटेल याची धास्ती, दुसरं काय!

म्हणून आधी भावाला बाहेर पाठव आणि तिच्याशी एकटीशी बोल. वाटा सोडायचाच म्हणाली तर सोडू दे, तिची मर्जी. पण सातबारा पुढ्यात ठेवून काय सोडतेय ते गुंठ्यासकट वाचून दाखव. फीची काळजी करत असेल तर सांग, 1987 च्या कायद्यानं बाईला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

कायदा आधी की समाज, हा वाद कॉलेजातच ठेव. शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या, त्या काही सगळ्यांना विचारून नव्हे. उलट कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथा (कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं) बंदीचा ठराव आपणहून केला. सरकारी परिपत्रक मागून आलं.

उद्या येताना, हक्कसोडासाठी तुझ्याकडे आलेल्या त्या बाईंचा सातबारा आण, फेरफारासकट.