‘पुढे काय होणार?’ हा रकाना कोरा राहिला तर

सहकारनगरमधल्या एका आईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी. परवा कॉलेजात निरोप समारंभ झाला. प्रत्येकाचा फोटो आणि खाली स्वभाव, आवड, ‘पुढे काय होणार?’ असा तक्ता भिंतीवर लावला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कॉम्प्युटर इंजिनिअर लिहिलंय, बाकीच्यांनी डॉक्टर, सीए, यूपीएससी. हिचा स्वभाव मैत्रिणींनी लिहिला, ‘अबोल’. आवड, ‘पाऊस’. तिसरा रकाना हिने कोराच ठेवला. वर फिशपॉन्ड पडला, ‘वर्गात कमी, ढगात जास्त’. ती हसली, पण मला झोप लागली नाही. २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हापासून ती गच्चीवर पाऊस मोजते. ह्यांचं म्हणणं, सीईटी देऊन कॉम्प्युटर घ्यावं. माझा भाऊ म्हणतो, नीट दे. कल चाचणीत ‘अंतर्मुख’ असं आलंय. एवढ्या अबोल मुलीचं पुढे कसं होणार? तिच्या वहीची दोन पानं आणि चाचणीचा रिपोर्ट सोबत पाठवते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

रिपोर्ट नंतर पाहिला, वही आधी वाचली. पहिलं पान २०२० चं: ‘आज खूप पाऊस. बाटली भरली.’ दुसरं २०२३ च्या जुलैचं. त्यात तारीख, सकाळचे साडेआठ, मिलिमीटर आणि वारा कुठून, असे रकाने पट्टीने आखलेत. साडेआठच का, ते तुम्ही तिला विचारलंत का? हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरतं. म्हणजे हे तिने कुठूनतरी शोधलं आणि आपली वेळ त्याला जुळवून घेतली. बाटलीच्या जागी सरळ कडांचा डबाही आला आहे, कारण वर निमुळत्या होत जाणाऱ्या बाटलीतलं माप फसवं असतं. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवलेलं नाही.

त्याच पानावर एका आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, ‘डबा कलला होता, नोंद धरू नये’. चार दिवसांनी एक रकाना मोकळा आहे आणि बाजूला ‘घरी नव्हते’. या दोन ओळींवर मी बराच वेळ थांबले. शेजारच्या दिवसांवरून अंदाजे आकडा टाकला असता तर कुणाला कळणार होतं? तरी तिने टाकला नाही. जी मुलगी न मोजलेल्या दिवसाचा रकाना अंदाजाने भरत नाही, ती ‘पुढे काय होणार?’चा रकाना तरी कसा भरेल? तिला अजून माहीत नाही, म्हणून तो कोरा आहे. तक्त्यावरच्या कितीतरी भरलेल्या रकान्यांमध्ये आईबाबांचं उत्तर मुलांच्या अक्षरात असतं, हे दर वर्षी या मुलांशी बोलताना मला दिसतं.

आता ‘अबोल’बद्दल. स्वभावावरून व्यवसाय ठरवायची आपल्याकडे फार घाई होते. बोलका असेल तर मार्केटिंग, गप्प असेल तर कॉम्प्युटर, हट्टी असेल तर वकील. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला घरच्यांनी ‘ही तोंड उघडत नाही, वकिली हिच्याने व्हायची नाही’ म्हणून लॉला पाठवायचं टाळलं होतं. शेवटी ती गेली, आणि आज जमिनीच्या दाव्यांचं काम करते. जुने सातबारे, फेरफार, खरेदीखतं ती तासन्‌तास वाचते आणि कोर्टात मोजकंच बोलते. पक्षकार तिच्याकडे येतात ते या वाचण्यासाठी. अबोल असणं एवढंच सांगतं की ही मुलगी माणसांच्या गर्दीत कशी वागते. काम कुठलं जमेल, हे त्यातून कळत नाही.

रिपोर्टचंही तसंच आहे. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. अभिक्षमता म्हणजे आकडे, आकृत्या, भाषा यांत डोकं किती चालतं, ते प्रश्न सोडवायला देऊन मोजलेलं असतं. तो भाग बऱ्यापैकी भरवशाचा, आणि तुमच्या मुलीचा संख्या आणि आकृत्या या दोन्हींत चांगला आहे. ‘अंतर्मुख’ हा भाग मात्र तिनेच स्वतःबद्दल टिकमार्क केलेल्या वाक्यांतून आलाय. आवडींची यादीही अशीच. जे काम मुलाने कधी पाहिलेलंच नाही, त्यापुढे ‘आवडत नाही’ अशी खूण होणारच. तेव्हा पहिला भाग जपून ठेवा आणि उरलेल्या दोन भागांपेक्षा वहीवर विश्वास ठेवा. सहा वर्षं कुणी न सांगता केलेली गोष्ट कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त बोलते.

तरीही लगेच ‘मग हवामानशास्त्रज्ञच’ असं ठरवू नका. पाऊस आवडणं आणि वातावरणाचा अभ्यास आवडणं यांत मोठं अंतर आहे. तो अभ्यास म्हणजे भौतिकशास्त्र, भरपूर गणित, संख्याशास्त्र आणि दिवसभर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम. गणिताला बसल्यावर तिचा वेळ कसा जातो, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तो आहे. परीक्षा संपल्यावर तिला एक काम करू दे. वहीतले सगळे आकडे एक्सेलमध्ये भरायचे आणि शिवाजीनगर वेधशाळेच्या त्याच तारखांच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. पुण्यात पाषाणला झोडपतो तेव्हा लोहगाव कोरडं असू शकतं, त्यामुळे फरक येणारच. तो फरक पाहून ‘असं का?’ म्हणत ती पुस्तकं उघडायला लागली, तर दिशा बरोबर आहे. आकडे भरून कंटाळली, तरी काही बिघडलं नाही. मग तिची आवड गच्चीवरच्या मोजणीपुरती आहे, आणि तीही आयुष्यभर पुरेल.

या वाटेसाठी पुण्याइतकं सोयीचं गाव देशात क्वचितच असेल. सिमला ऑफिसवरून आपण रोज जातो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी १९४८ साली याच खात्यात पुण्याला रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी हवामानाची उपकरणं इथेच तयार व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. डबा कलला म्हणून आकडा खोडणारी मुलगी त्यांना नक्की आवडली असती. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था आहे, आयआयटीएम, १९६२ पासूनची. सहा किलोमीटरच्या एकेका चौकटीसाठी अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट’ ही प्रणाली २०२५ मध्ये सुरू झाली, ती तिथेच घडली.

यात तुमच्या यजमानांच्या म्हणण्यालाही जागा आहे, हे त्यांना जरूर सांगा. आजचा हवामानाचा अंदाज महासंगणकावर चालतो. कॉम्प्युटर इंजिनिअर होऊनही तिला या कामात येता येईल. फक्त ‘गप्प आहे म्हणून कॉम्प्युटर’ हे कारण नको. तिला प्रोग्रॅमिंग आवडतं का, हे आधी पाहायला हवं. नीटबद्दल मी थोडक्यात लिहिते. तुमच्या पत्रात, वहीत किंवा रिपोर्टमध्ये वैद्यकीयकडे ओढ असल्याची एकही खूण मला दिसली नाही. मामांना प्रेमाने तसं सांगा.

वाटा तीन दिसतात. पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे आणि तिथे पृथ्वी व हवामान विज्ञानाचा विभागही आहे. प्रवेश आयएटी या परीक्षेतून मिळतो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी, प्रत्येकी १५ प्रश्न. पीसीएमबी घेतल्याचा फायदा इथे होईल. परीक्षा कठीण आहे, जागा मोजक्या आहेत, म्हणून एकट्या याच्यावर विसंबू नका. दुसरी वाट साधी आणि भक्कम आहे: फर्ग्युसन किंवा एसपीसारख्या कॉलेजात फिजिक्स वा मॅथ्स घेऊन बीएस्सी, मग पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एमएस्सी. ‘नुसती बीएस्सी’ असं नाक मुरडणारे नातेवाईक भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तिसरी, सीईटीतून सिव्हिल इंजिनिअरिंग आणि पुढे जलविज्ञान. ज्या मुलीची सुरुवात ओढ्याच्या पुरापासून झाली, तिला नाले, पूररेषा, धरणांचा विसर्ग हे विषय पावसापेक्षाही जवळचे वाटू शकतात. हे तिला कुणी सुचवलं नसेल, तुम्ही सुचवा. शिवाय सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा ती तर द्यायलाच हवी.

पैशांचंही स्पष्ट बोलते, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी घरात तो विषय निघणारच. संशोधनात कमाई उशिरा सुरू होते. पीएचडीसाठीची नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे, पण ती एमएस्सीनंतर. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाची भरती केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत होते, फिजिक्स घेतलेले पदवीधर त्याला बसू शकतात. २०२२ मध्ये ९९० जागा निघाल्या होत्या, पण त्याआधीची भरती २०१७ ची होती. या भरतीच्या आशेवर बसून राहता येत नाही. म्हणून कुठल्याही वाटेने गेली तरी प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र तिने पक्कं करावं. विमा, शेती, वीज, सगळीकडे हवामानाचे आकडे वाचणारी माणसं लागतात.

तिच्याशी बोलताना ‘तू काय होणार?’ असं विचारू नका. ‘पुढची तीन वर्षं रोज काय करायला आवडेल?’ असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. अबोल मुलं जेवणाच्या ताटावर चौघांसमोर बोलत नाहीत. गच्चीवर डबा बघायला जाताना दोघीच असाल, तेव्हा विषय काढा. २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो. त्या सुमारास शिवाजीनगरच्या वेधशाळेत लोकांना आत जाऊन उपकरणं पाहता येतात. तोवर बोर्डाचे बहुतेक पेपर आटोपलेले असतील. तिथल्या माणसांना प्रश्न विचारायला तिला एकटीलाच पुढे होऊ द्या, तुम्ही मागे राहा.

आयएटीचा अर्ज साधारण मार्चमध्ये सुरू होतो, सीईटीचा त्याआधीच. दोन्हींच्या तारखा अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, व्हॉट्सअॅपवर नको. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आत्ताच सेतू केंद्रात अर्ज करून काढून ठेवा. निकालानंतर तिथे इतकी झुंबड उडते की दाखल्यापायी प्रवेशाची फेरी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि सीईटीचा अर्ज भरताना पीसीएम ग्रुप निवडलाय ना, तेवढं तिच्याबरोबर बसून एकदा तपासा.