गळ्यात कॅमेरा, डोक्यावर तुळस

प्रश्न : मागच्या आषाढात पहिल्यांदाच दिवेघाटात वारी बघायला गेले. मोबाईलवर तीनेकशे फोटो काढले, घरी येऊन बघते तर सगळ्यांची धोतरं, टोप्या मळकट राखाडी! चांगला कॅमेरा घेऊ का? आणि दुसरं, न विचारता लोकांचे फोटो काढताना मला कसंतरीच होतं, तुम्हाला नाही का होत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : राखाडीचं आधी सांगतो, ते सोपंय. मोबाईल असो नाहीतर लाखाचा कॅमेरा, समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडीच असणार असं धरून तो उजेड ठरवतो. अख्खी फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की त्याला वाटतं बापरे केवढा हा उजेड, की लगेच फोटो अंधारा करून मोकळा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवायचं, बाजूला छोटासा सूर्य येतो तो जरा वर सरकवायचा, कॅमेरा असेल तर उजेड कमी-जास्त करायची सेटिंग (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) प्लस एक करायची, झालं काम. मी १९९९ साली किलोभराचा जुना झेनिट, म्हणजे रशियन रोलवाला कॅमेरा, गळ्यात अडकवून त्याच घाटात गेलो होतो, त्याची उजेड मोजणारी सुई अगदी प्रामाणिकपणे मधोमध आणून ३६ फोटोंचे दोन रोल संपवले आणि सगळी दिंडी राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. स्टुडिओवाल्याशी भांडलो पण. त्याचं प्रिंटिंग मशीनही तशीच सरासरी काढतं हे फार नंतर कळलं.

तेव्हा कॅमेरा आत्ता नको. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण २४-२६ एमएमसारखी, म्हणजे बरीच वाइड, चेहरा मोठा हवा तर जवळ जावंच लागतं आणि जवळ गेलात की तुम्ही दिसता, तेच बरं. ७०-२०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेऊन लांब दगडावर बसलं की कुणाला पत्ता लागत नाही, मी चार वर्षं तेच केलं.

आता कसंतरी होण्याबद्दल. होतं हो, होतंच. एका वर्षी चढावर एक आजी थांबल्या, चपलेचा अंगठा तुटला होता. मी वाकून फोटो घेतोय तर त्यांनी "माउली, धरा जरा" म्हणत तुळशीवृंदावन सरळ माझ्या डोक्यावरच ठेवलं! पितळेचं, ओल्या मातीसकट, मान हलवायची सोय नाही, दोन्ही हात वर, कॅमेरा पोटावर आपटतोय. आजी निवांत सुतळी शोधतायत. तेवढ्यात समोरून एक पोरगा आला, खटाखट पाच-सहा फोटो काढले माझे आणि गेला, साधं विचारलं पण नाही. इतका राग आला म्हणून सांगू! आणि मग आठवलं की मिनिटभरापूर्वी मी आजींच्या तुटक्या चपलेवर फोकस करत होतो, विचारलं कुठे होतं. अजूनही कुणाच्यातरी हार्डडिस्कमध्ये मी तसाच उभा असेन.

तेव्हापासून आधी "माउली" म्हणतो, दोन पावलं बरोबर चालतो, मग विचारतो. नको म्हटलं तर नको, आणि काढला की स्क्रीनवर दाखवतो. यात नुकसान आहे, खोटं कशाला बोलू. विचारलं की माणसं ताठ होतात, हसू जातं, टाळ वाजवणारा हात मांडीला चिकटतो. परभणीकडच्या एका आजोबांना विचारलं तर त्यांनी अख्खी दिंडीच हाका मारून गोळा केली, उंचीप्रमाणे उभी केली, मागे घाट नाही, आभाळ नाही, थेट पाण्याचा टँकर. एकही माणूस हसत नाहीये. मी दाखवतो लोकांना तो, कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

नातवाच्या नंबरवर पाठवला होता. महिन्याने त्याचा मेसेज आला, मोठा करून घेतलाय, देवघराशेजारी लावलाय, आजोबा म्हणतात पुढच्या वर्षी टँकर नसेल अशा ठिकाणी काढू. धोतरं मात्र पांढरीशुभ्र आलीत त्यात.