कुत्रीसह पन्हाळ्याची सहल

प्रश्न : आमची चार वर्षांची लॅब्रेडोर कुत्री घेऊन रविवारी पन्हाळ्याला जाऊन यावे, असा घरच्यांचा बेत आहे. घाटात तिला उलटी होईल आणि गडावर ती दमेल, अशी भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापूरपासून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर असल्याने प्रवासाची चिंता फारशी नको, निघण्यापूर्वी तीन-चार तास तिला जेवण देऊ नये, म्हणजे वळणांवर मळमळ कमी होईल. खरी काळजी उन्हाची आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवते. त्यामुळे सकाळी लवकर पोहोचून तीन दरवाजा, अंधारबाव हा भाग उन्हे चढण्यापूर्वी पाहावा आणि दुपारी सावलीत थांबावे. तापलेल्या फरशीवर आपला तळहात काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला, तर तिच्या पंजांनाही बसणारच. बंद गाडीत तिला पाच मिनिटेही एकटी ठेवू नये. तटाजवळ पट्टा आखूड धरावा, आणि एखाद्या वास्तूत तिला प्रवेश नसल्यास घरातील एकाने तिच्यासोबत बाहेर थांबावे. शक्य असल्यास रविवारची गर्दी टाळून मधला वार निवडावा, असे माझे मत आहे.

गडावरचा झुणका-भाकर आपण अवश्य खावा. तिला मात्र कोरड्या भाकरीचा तुकडाच द्यावा, कारण झुणक्यातील कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी ठरतात. तिने कितीही केविलवाणे पाहिले तरी! परतल्यावर कानांमागे आणि बोटांमध्ये गोचीड तपासावेत.