‘पवित्र व्हा’ : रोजच्या आचरणाला हा शब्द शोभतो का?

विचारणा अशी आहे: बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१५) ‘सर्व प्रकारच्या आचरणात पवित्र व्हा’ असं म्हटलंय. पण ‘पवित्र’ म्हटलं की ग्रंथ, वेदी, उपासनेची जागा आठवते. दिवसभर कामाच्या रगाड्यात असलेल्या माणसाला हा शब्द कसा लावायचा? ‘शुद्ध’ किंवा ‘निर्मळ’ बरा नव्हता का?

माझ्या मते ‘पवित्र’च हवा. अडचण आपल्या कानांची आहे. पवित्र ग्रंथ, पवित्र स्थळ, पवित्र दिवस अशा जोड्या आपल्या तोंडी बसल्यात. ‘पवित्र हिशोब’ किंवा ‘पवित्र रात्रपाळी’ कुणी म्हणत नाही. त्यामुळे पवित्र म्हणजे वापरातून काढून जपून ठेवलेलं, असा समज होतो.

शब्दाची घडण मात्र वेगळंच सांगते. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्याला ‘इत्र’ हा प्रत्यय. हा प्रत्यय साधनवाचक. ज्यानं खणायचं ते खनित्र, ज्यानं कापायचं ते लवित्र म्हणजे विळा, ज्यानं नाव वल्हवायची ते अरित्र. तसं ज्यानं शुद्ध करायचं ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळत, तिचं नाव पवित्र. म्हणजे हा शब्द मुळात राबणाऱ्या वस्तूचा. पाणिनीनं ज्या सूत्रात हा प्रत्यय सांगितला, त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात ‘पवित्र’ येतो. आणि त्या आधीच्या सूत्रातलाच एक शब्द आहे ‘चरित्र’. चरित्र आणि आचरण, दोन्हींचा धातू ‘चर्’. पेत्राच्या वाक्यात ‘पवित्र’ आणि ‘आचरण’ शेजारी आले, ते मला फार आवडतं.

अर्थात बायबलमधला अर्थ संस्कृत व्युत्पत्तीवरून ठरत नाही. तिथला हिब्रू शब्द ‘कादोश’, ग्रीक ‘हागिओस’. कादोश म्हणजे देवासाठी वेगळं ठेवलेलं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात (१०:१०) दोन जोड्या स्पष्टच दिल्यात: एक पवित्र आणि सामान्य, दुसरी शुद्ध आणि अशुद्ध. लख्ख घासलेलं भांडं शुद्ध असेल, पण ते कुणाचं आहे हे त्यातून कळत नाही. ‘निर्मळ’चंही तेच, मळ नाही एवढंच तो सांगतो. ‘पवित्र’ मालकी सांगतो. म्हणून ‘शुद्ध व्हा’ म्हटलं तर अर्धं वाक्य गळतं.

मग देवासाठी वेगळं म्हणजे लोकांपासून दूर का? लेवीयचा १९वा अध्याय उघडा. ‘पवित्र असा’ ही आज्ञा दुसऱ्याच ओवीत आहे. आणि पुढं काय येतं? शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. वजनं-मापं खरी ठेवा. यात्रा नाही, मौन नाही. सगळा रोजचा व्यवहार.

संदेष्टा जखऱ्या तर याच्याही पुढे जातो. ‘परमेश्वरासाठी पवित्र’ ही अक्षरं महायाजकाच्या मंदिलावर म्हणजे पागोट्यावर, शुद्ध सोन्याच्या पट्टीवर कोरलेली असत (निर्गम २८:३६). जखऱ्या १४:२०-२१ म्हणतो, एक दिवस तीच अक्षरं घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं पवित्र असेल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजातला पाचवा अध्याय, पावित्र्याचं पाचारण सर्वांनाच आहे असं सांगणारा, मला या घंटांचाच नाद वाटतो.

‘पाचारण’ हा शब्दही पाहा. पेत्राच्या त्याच ओवीत तो आहे. वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं’. पाचारण कामासाठी होतं, आणि काम चालू असतानाच होतं: मत्तयाला येशूनं जकातीच्या नाक्यावर बसलेला असताना बोलावलं.

माझी आजी रात्रपाळीची परिचारिका होती. रुग्णाला हात लावण्याआधी ती आपले हात गरम पाण्याखाली धरायची. झोपलेल्या माणसाला गार बोटांनी दचकवू नये म्हणून. तिला कुणी पवित्र म्हटलं असतं तर तिनं कानांवर हात ठेवले असते. पण पेत्र ज्याला ‘सर्व प्रकारचं आचरण’ म्हणतो त्यात ते पाणी येतं, अशी माझी खात्री आहे.

नामाबद्दलही थोडं, कारण हे चुकीचं बरेचदा लिहिलं जातं. ‘पवित्रता’ बरोबर, ‘पावित्र्य’ही बरोबर; ‘पावित्र्यता’ मात्र चूक, त्यात भाववाचक प्रत्यय दोनदा लागतो. आणि पौलाच्या पत्रांतले ‘पवित्र जन’ म्हणजे मेल्यानंतर संत ठरलेले लोक नव्हेत. ज्यांना पत्र लिहिलं, ते त्या त्या गावचे जिवंत, एकमेकांशी भांडणारेसुद्धा विश्वासी. करिंथकरांचं पहिलं पत्र वाचलं की दिसतं: दुसऱ्या ओवीत त्यांना ‘पवित्र’ म्हटलंय आणि अकराव्या ओवीत त्यांच्यातली भांडणं आलीत.